एका हातानं उचलेल असं छत

पहिल्याच दिवशी त्या घराच्या दारानं माझ्या कपाळाला टेंगूळ आणलं. मी नांदेडहून पेटी घेऊन लातूरला आलेली, कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवायची नोकरी नुकतीच लागलेली, भाड्याची खोली बघायला म्हणून दारात उभी. कडी वाजवली, तर दार आत जायच्या ऐवजी धाडकन बाहेर आलं. समोर एक उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. लागलं का, एवढं तरी विचारायची रीत असते. यांनी मलाच सुनावलं.

"दारापासून लांब उभं राहावं. ह्या घराची दारं भाईर उघडत्यात."

"कामून?" मी कपाळ चोळत विचारलं.

"भिंत आत पडली की आत उघडणारं दार ढिगाऱ्याला अडतं. मानूस वढत राहतो, दार येत न्हाई. आता वर बघा."

मी वर बघितलं. छत होतं, दुसरं काय असणार.

"वर काय हाय ते बघितल्याबिगर कुनाच्या घरात पाय टाकू नका," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

त्या माणसावर मी त्या दिवशी चिडले ती चिडलेच. आज ते नाहीत, तरी राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ते ज्याला जमतं त्यानं बोलावं.

गल्ली त्यांना ओव्हरसियर म्हणायची, मी चाचा म्हणायची. हयातभर सरकारी नोकरीत सिमेंट-वाळूचं माप बघितलं, आणि भूकंपानंतर कुणी सिमेंटचं नाव काढलं की पायाशी थुंकायचे. घराची सगळी दारं त्यांनी बिजागऱ्या काढून उलटी बसवून घेतलेली. गल्ली बोळकांडीएवढी, त्यात हे दार कधी कुणाच्या अंगावर येईल नेम नाही. दूधवाल्याची किटली सांडून सांडून तो बिचारा लांबूनच हाळी द्यायचा, "ओव्हरसियर साहेब, दार धरा, मी येऊन राहिलो." चाचा आतून दार धरायचे आणि किटलीचं झाकण घट्ट नाही म्हणून त्यालाच बोलायचे.

माझ्या एका सहकारी बाईंच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मी चाचांना नेलं, ही माझीच अक्कल. यजमान या-बसा म्हणत होते, आणि चाचा सरळ फरशीवर उताणे झोपले, हात छातीवर घेऊन. घरातल्या आजींना वाटलं, चक्कर आली. त्यांनी पळत जाऊन कांदा फोडून आणला आणि चाचांच्या नाकाला लावला.

"मेलो न्हाई, खाला," चाचा पडल्या पडल्या आजींना म्हणाले. "तुमचा स्लॅब बघून राहिलो. झोपल्यावर जे दिसतं ते उभ्यानं दिसत न्हाई. कांदा ठिवा."

त्या बाई पुढं कित्येक महिने स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे वेड कुठून आलं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं मलाही कळायला वेळ लागला नाही. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या-काटक्या आणि त्यावर माती. पावसाळ्याच्या तोंडी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, म्हणजे घर गळत नाही. जुना थर कुणी काढत नाही. बापानं टाकलेल्यावर मुलगा टाकतो, त्याच्यावर नातू टाकतो, आणि घर गळत नाही म्हणून सगळे खूश. चाचांची लेक औशाकडच्या एका गावात दिलेली. तिचं घर गळायला लागलं, तसा तिनं बापाला निरोप धाडला. चाचांनी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून चांगली निवडक माती पाठवली. नुसती पाठवून थांबले नाहीत. स्वतः जाऊन उभे राहिले, माती चोपून घेतली, लेकीच्या हातचं जेवले आणि परत आले. त्याच साली भूकंप झाला. लाकडी खांब जागच्या जागी उभे राहिले, दगडी भिंती आत ढासळल्या, आणि वरची सगळी माती खाली आली. लेक त्या मातीखाली गेली.

चाची त्यानंतर छताखाली राहायला तयार होईनात. उमरीला भावाकडं निघून गेल्या. तिथंही घरात नाही, अंगणात खाट टाकून राहिल्या, पाऊस आला की खाटेवर मेणकापड ओढून घ्यायच्या. चाचा आणायला गेले. चाची खाटेवरून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "एका हातानं उचलंल असं छत बांधा, मंग येते."

आता याचा अर्थ कुठल्याही माणसाला कळतो. याचा अर्थ, जा इथून, मला तोंड दाखवू नका. या माणसानं विचारलं, "कोनत्या हातानं?"

चाची भडकून म्हणाल्या, "उजव्या," आणि पाठ फिरवली. चाचा परतीच्या एसटीत बसून तिकिटाच्या मागं छताचं चित्र काढायला लागले. हे मला त्यांनीच सांगितलं, वर मोठ्या अभिमानानं.

"चाचा, त्या रागात बोलल्या असतील हो," मी म्हटलं.

"रागात बोलली म्हनूनच खरं बोलली," ते म्हणाले. "गोड बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं."

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला त्यांचा वडिलांपासूनचा एक माळ होता. काळा खडक, वर बोटभर मुरूम, कुसळी गवत, तरवडाची झुडपं, आणि वारा असा की बोललेलं समोरच्यापर्यंत पोचत नाही. "तिथं शेळीबी मन लावून चरत न्हाई," त्यांचा मुलगा म्हणायचा. चाचांना तोच माळ पसंत. आजूबाजूला अंगावर पडण्यासारखं काही नव्हतं. तिथं ते चाचीसाठी लाकडाची एक खोली बांधणार होते, सिमेंटचा कण न वापरता. रविवारी मला एसटीत घालून न्यायचे, टेपचं दुसरं टोक धरायला. मला आठवड्यात एक सुट्टी, ती या माळावर कुसळं काढण्यात जायची.

खडक उताराचा आणि उंचसखल. कुणीही सांगितलं असतं, सुरुंग लावा, सपाट करा. चाचा ऐकायला तयार नाहीत. "तो हलला तवा आपल्याला इचारून हलला का? मंग आपुन कामून त्याला छेडायचं?" खांबांना आपल्याकडं खाली दगडी बैठक असते, तळखडा म्हणतात. चाचांनी तसे तळखडे खडकाच्या चढ-उताराप्रमाणे बसवले आणि त्यावर खांब उभे केले, एक आखूड, एक लांब, जिथं जसा खडक तसा. वरची जमीन मात्र अशी सपाट, की पाण्याचा पेला ठेवला तर एका बाजूनं सांडत नव्हता. खालून वारा जायचा, पावसाचं पाणी जायचं, शेजारच्याची शेळीही जायची.

लाकूड सगळं जुनं, पडलेल्या घरांचं. त्या काळात चांगला सागवान लोक चुलीत घालत होते किंवा मिळेल त्या भावाला विकत होते. चाचा गावोगाव जायचे, तुळईला नख लावून बघायचे, वास घ्यायचे आणि मग मालकाला विचारायचे, "हिच्याखाली कुनी गेलं का?" गेलं असं कळलं की ते लाकूड कितीही चांगलं असो, हात लावायचे नाहीत. त्यामुळं चार खांब मिळायला वर्ष जायचं.

"लाकडाचा काय गुन्हा, चाचा?" मी एकदा वैतागून विचारलं.

"लाकडाचा न्हाई. पर चाचीनं इचारलं तर? मला तिच्याम्होरं खोटं बोलता येत न्हाई."

खिळा नाही, स्क्रू नाही, सगळे सांधे खाचा पाडून आणि खुंट्या मारून. तेल जवसाचं, थेट घाण्यावरून आणलेलं. चाचा गल्लीत शिरले की आधी तो वास यायचा. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. "भिंत अंगावर पडली तर मानसाला उठून शिव्या देता आल्या पायजेत," हे त्यांचं भिंतीचं गणित. आणि छत म्हणजे संदुकीच्या झाकणांसारख्या उतरत्या झडपा. आतून खुंटी काढायची, हातानं वर ढकलायचं, झडप उघडून आभाळ दिसायचं.

पहिलं छत एका वाऱ्यात गेलं. दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी लातूरला दारात आला, दारापासून लांब उभा राहून म्हणाला, "ओव्हरसियर साहेब, तुमचं घर आमच्या तुरीत आलंय." मला वाटलं, आता तरी हा माणूस खचेल. चाचांनी त्याला चहा पाजला आणि मला म्हणाले, "बघितलं का, किती हलकं झालंय ते." मग हलकं राहून वाऱ्यालाही धरेल अशी खुंटी करण्यात दोन हंगाम गेले.

इकडं लातूर बदलत होतं. क्लासेस वाढले, गावोगावची पोरंपोरी ट्रंका घेऊन यायला लागली. चाचांच्या मुलानं घरावर मजला चढवून मुलींचं वसतिगृह काढलं. पुढच्या साली आणखी एक मजला, त्याच्या पुढच्या साली आणखी एक. त्याचंही अगदी चुकत होतं असं नाही, आईबाप पाया पडायचे, कुठंही जागा द्या म्हणून. तिसऱ्या मजल्याची खडी येऊन पडली त्या दिवशी चाचा त्या खडीवर जाऊन बसले.

"दरसाल एक थर," ते मुलाला म्हणाले. "आम्ही मातीचा टाकत होतो, तू सिमेंटचा टाकून राहिलास. खाली कोन झोपतंय ते बघ की रे."

"अब्बा, पोरी येऊन राहिल्यात. त्यांना ठिवू कुठं?"

"मी बी हेच म्हनलो होतो. घर गळून राहिलंय, लेकीला ठिवू कुठं."

मातीचा विषय त्यांनी आपणहून काढलेला मी ऐकला तो तेवढाच. मजला झालाच. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला ऐकायला वेळ नव्हता, आणि मी ज्या क्लासात शिकवत होते तिथले आमचे सर त्याला दर महिन्याला विचारायचे, अजून किती खाटा बसतील. मीही तिथलाच पगार खात होते. कुणाकुणाला बोलणार.

माळावरची खोली अखेर पुरी झाली. मी स्वतः आत उभी राहून उजव्या हातानं झडप उचलली. झडप अलगद वर गेली. मी म्हटलं, "चाचा, आता उमरीला जा. उद्याच जा." त्यांनी पायजम्याला इस्त्री केली, दाढी नीट केली. आणि त्याच आठवड्यात उमरीहून निरोप आला. चाचीला लकवा मारला होता. जीव वाचला, उजवा हात गेला.

चाचा उमरीला गेले, बघून आले. आले ते थेट निलंग्याच्या एसटीत बसले. रविवारी मी माळावर गेले तर खोलीला छत नव्हतं. सगळ्या झडपा उतरवून खाली खडकावर मांडलेल्या, आणि हे त्यांच्या फळ्या सुट्या करत बसलेले.

"हे काय चाललंय, चाचा?"

"हे उजव्याचं हाय. आता डाव्याचं करावं लागंल. डाव्यात जोर कमी असतो."

माझं डोकं फिरलं. "अहो, छताला काय कळतं हात कुठला ते? त्यांना बोलवा. आजच बोलवा. उचलायला मी आहे, तुमचा मुलगा आहे."

"तिनं एका हातानं म्हनलं. तिच्या हातानं. तुमच्या न्हाई."

"तुम्हाला तोंडानं बोलता येत नाही, म्हणून लाकूड तासत बसलाय तुम्ही," मी म्हणाले. "ती माती मी पाठवली, माझं चुकलं, एवढं त्यांच्यासमोर जाऊन म्हणा. छत नसलं तरी येतील त्या."

ते रंधा मारत राहिले. भुसा वाऱ्यानं माझ्या अंगावर येत होता.

"म्हनून माती हलती का, मॅडम?" ते म्हणाले.

मी एसटी स्टँडपर्यंत रडत गेले, रागानं. पुढं महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. याचा त्यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही.

मग आमच्या अंगणात एक नमुन्याची झडप उभी राहिली. सागाच्या फळ्यांऐवजी बांबूच्या कामट्या आणि तेलात मुरवलेलं दुहेरी तट्टं. घरी येणाऱ्या प्रत्येक बाईनं ती डाव्या हातानं उचलून दाखवायची. भाजीवाली, वसतिगृहातल्या मुली, गल्लीतल्या म्हाताऱ्या खाला, सगळ्या. एका खालानं उचलली तर चाचा म्हणायचे, "तुम्ही धडधाकट हाव. तुमचं धरायचं न्हाई." ते आजारी म्हातारी शोधत फिरायला लागले. कुणाच्या घरी कुणी अंथरुणावरून उठली की हे तब्येत विचारायला हजर, आणि नंतर हळूच, "जरा आमच्याकडं येऊन एक झाकन उचलता का?" लोक हसायचे. मलाही हसू यायचं, आणि मग जास्तच राग यायचा, कारण उमरीला एक बाई उघड्यावर म्हातारी होत होती.

चाचांचं वयही वाढत होतं. आमच्या सरांनी त्यांच्या मुलाकडं माळाबद्दल शब्द टाकला: गावापासून लांब, मुलांचं लक्ष उडवायला काही नाही, निवासी बॅचला याहून चांगली जागा कुठली. स्लॅबची इमारत, कंपाउंड, फाटक. मुलानं होकार देऊन टाकला. म्हाताऱ्याला कुणी विचारलं नाही. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथं एक झोपडी आहे फक्त." त्या झोपडीत किती वर्षं गेली ते त्यांना काय सांगणार. मी पाय आपटत वर्गावर गेले आणि बिचाऱ्या पोरांवर ओरडले.

छत दुसऱ्यांदा पुरं झालं तेव्हा मी पुन्हा म्हटलं, आता जा. चाचा म्हणाले, "खाटेवरच्या झडपेची खुंटी उजव्या हाताच्या अंगानं निघते. ती उलटी करायची ऱ्हायली." ती खुंटी करता करता, एका सकाळी अंगणात चहा पिऊन झाल्यावर, ते बसल्या जागी गेले. वर आभाळ होतं. खिशात खुंटी सापडली, तेल लावून तयार.

मय्यतीला उमरीहून चाची आल्या. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. लहानखुऱ्या, उजवा हात पदराखाली. दफन करून पुरुष परत आले. बायका खालची खोली झाडून घ्यायला लागल्या, कारण चाची आता इद्दतीला बसणार. नवरा गेल्यावर बाईनं त्याच्या घरात, बाहेर न पडता, इद्दतीचे दिवस काढायचे असतात. चाची अंगणातच बसून होत्या. त्यांनी मान वर करून सगळे मजले बघून घेतले.

"हे कुनाचं घर?" त्यांनी विचारलं.

"आपलंच की, अम्मी," मुलगा म्हणाला.

"हे तू बांधलेलं. त्यांनी माझ्यासाठी बांधलंय म्हनत्यात, ते कुठं हाय?"

मुलगा गडबडला. म्हणाला, ते लांब आहे, माळावर आहे, तिथं वीज नाही, आणि सोमवारी तिथं ते पाडायला मशीन येणार आहे, मी शब्द देऊन बसलोय.

"इद्दत नवऱ्याच्या घरात बसत्यात," चाची म्हणाल्या. "का खाला, मी चुकीचं बोलून राहिले का?"

म्हाताऱ्या खालांपैकी कुणी चुकीचं म्हणेना. मुलानं जीप मागवली. त्यांच्याबरोबर राहायला म्हणून मी बसले, आणि मुठीत ती खुंटी घेतली.

माळावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मुलगा जीपपाशी थांबून फोन करत होता, सोमवारचं रद्द करा म्हणून कुणाला तरी सांगत होता. मी दार बाहेर ओढून उघडलं. चाची उंबऱ्याशी थांबल्या आणि आत पाय टाकायच्या आधी त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत आल्या, खाटेवर बसल्या. वरची झडप नुसत्या सुतळीनं बांधलेली होती. मी सुतळी सोडली.

त्यांनी डावा हात वर केला आणि झडप ढकलली. झडप वर गेली. खोलीत ऊन आलं. चाची हात तसाच वर धरून बसल्या.

"हे कवापासून तयार हाय?" त्यांनी विचारलं.

मला सांभाळून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. "तुमचा उजवा हात चालत होता ना चाची, तेव्हाच एकदा तयार झालं होतं. मग हाताची बातमी आली, तर त्यांनी सगळं सुटं करून परत डाव्यासाठी केलं."

"मंग मला बोलावलं का न्हाई?"

"तुम्ही का आला नाहीत?"

हात वरच होता, झडप खाली येत नव्हती.

"मी रागात म्हनले होते गं," त्या म्हणाल्या. "इतकं कुनी मनावर घेतं का?"

"तेच मी त्यांना म्हणत होते," मी म्हणाले.

त्यांनी झडप हळूच खाली घेतली. मी खुंटी त्यांच्या डाव्या हातात दिली. खाचेत ती एका दमात बसली. चाचींनी अंगठ्यानं ती दाबून बघितली, एकदा काढली, पुन्हा घातली. मग चपला काढल्या, आणि भूकंपानंतर पहिल्यांदा छताखाली आडव्या झाल्या.

मी बाहेर येऊन खडकावर बसले आणि दोघांनाही पोटभर शिव्या घातल्या. त्याला, एक वाक्य बोलायच्या ऐवजी एवढं तासत बसला म्हणून. हिला, एक वाक्य मागं घेता आलं नाही म्हणून. शिव्या संपत आल्या तेव्हा आतून चाचींच्या घोरण्याचा आवाज यायला लागला.